गोळी देऊन झाल्यावर

हैदराबादच्या एर्रागड्ड्याला आज जे मोठं सरकारी मनोरुग्णालय आहे, ते एके काळी जालन्यात होतं. निजामाच्या राज्यात जालना हे औरंगाबाद जिल्ह्यातलं व्यापारी आणि छावणीचं गाव, आणि हैदराबाद संस्थानाचं मनोरुग्णालय इथे होतं. संस्थान गेलं, आणि १९५० च्या दशकात रुग्णालयही हैदराबादला गेलं. पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आला, १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला, बियाण्यांच्या कंपन्या आणि लोखंडी सळयांचे कारखाने यांनी त्याला देशभर ओळख दिली. गेलेलं रुग्णालय मात्र परत आलं नाही. नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा ही राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. त्यांतलं एकही मराठवाड्यात नाही. मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या माणसाला घरच्यांनी येरवड्याला न्यायचं, तर तीनशे किलोमीटरांच्या आसपासचा प्रवास, आणि तोही सैरभैर झालेल्या माणसाला सोबत घेऊन.

जालन्याचेच राजेश टोपे आरोग्यमंत्री असताना राज्य मंत्रिमंडळाने इथे ३६५ खाटांच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला मंजुरी दिली. त्या बातमीत जागा, खाटा, खर्च, पदं यांची चर्चा झाली. मला त्या ३६५ खाटांच्या मधून चोवीस तास फिरणार असलेल्या माणसांबद्दल लिहायचं आहे. मानसोपचारतज्ज्ञ राउंड घेतो, निदान करतो, औषध लिहितो आणि पुढे जातो. बाकीचा दिवस आणि सगळी रात्र रुग्ण असतो तो सिस्टर आणि ब्रदर यांच्यासोबत. त्यांना काय येतं आणि काय येत नाही, यावर तो वॉर्ड दवाखाना होणार की कोंडवाडा, हे ठरतं.

आपल्याकडच्या जुन्या मनोरुग्णालयांत बराच काळ परिचारिका नव्हत्याच, राखणदार होते. नागपूरचं रुग्णालय १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं. १९१२ च्या ‘लुनसी’ कायद्याच्या नजरेत मनोरुग्ण म्हणजे आधी समाजाला धोका आणि मग आजारी माणूस. त्यामुळे कुलूप लावणं, मोजणी करणं, अंघोळ घालणं, आवरून धरणं हीच सेवा. हे बदलायला शिक्षण लागलं. बंगळूरला १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली (तीच पुढे निम्हान्स झाली) आणि दोन वर्षांत तिथे मनोरुग्ण परिचर्येची पदविका सुरू झाली. १९६५ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेने हा विषय बीएस्सी नर्सिंगच्या अभ्यासक्रमात घेतला. आज प्रत्येक जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगच्या विद्यार्थ्याला तो शिकावाच लागतो.

या विद्येचा पाया घातला तो हिल्डगार्ड पेप्लाउ या अमेरिकन परिचारिकेने. परिचारिका आणि रुग्ण यांच्या नात्यावरचं तिचं पुस्तक १९४८ मध्येच लिहून तयार होतं. पण नर्सने, सोबत डॉक्टरचं नाव न लावता, असा ग्रंथ काढावा हे प्रकाशनाच्या जगाला पचेना, म्हणून ते १९५२ मध्ये बाहेर आलं. तिचं म्हणणं असं की परिचारिका आणि रुग्ण यांच्यात जे नातं तयार होतं, तेच उपचाराचं साधन आहे. आधी दोन अनोळखी माणसं भेटतात. मग रुग्णाला ‘ही मला मदत करील’ असं वाटू लागतं. मग तो त्या मदतीचा उपयोग करून घेतो. आणि शेवटी त्याला तिची गरज उरत नाही. हा शेवटचा टप्पा आला नाही, रुग्ण सिस्टरवरच विसंबून राहिला, तर काम फसलं असं पेप्लाउ मानते. सेवेचा अर्थ आपल्याकडे सहसा जितका जास्त तितका चांगला असा लावतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

हे नातं प्रत्यक्षात कसं घडतं? समजा भोकरदनकडच्या एका खेड्यातली साठीची बाई वॉर्डात आली आहे. ‘सून चहात विष घालती’ म्हणून तिने आठवडाभर चहा घेतलेला नाही. घरच्यांनी तिला शपथा घालून पटवलं, सुनेने तिच्यासमोर तोच चहा पिऊन दाखवला. उपयोग शून्य. संशयाचा आजार पुराव्याने बरा होत नाही. वाद घातला की रुग्ण आणखी पुरावे गोळा करतो. आणि ‘हो मावशी, सून तशीच आहे’ म्हणून तिला उगी करणं म्हणजे आजाराला खतपाणी. शिकलेली सिस्टर या दोन्ही वाटा सोडते. ‘मावशी, तुम्हाला भीती वाटतीय ते मला कळतंय. मला चहात तसलं काही दिसत नाही. तुम्ही काल रात्री झोपल्या का?’ भीती खरी मानायची, संशय खरा मानायचा नाही, आणि बोलणं झोपेवर, जेवणावर, आजच्या दिवसावर आणायचं. दिलेला शब्द पाळायचा. चार वाजता येते म्हटलं तर चारला जायचं. ज्या बाईला सगळं जग फसवतंय असं वाटतं, तिच्या लेखी वेळेवर आलेलं एक माणूस फार मोठी गोष्ट असते.

दुसरं कौशल्य विचारण्याचं. शेतकरी आत्महत्यांमुळे राज्य सरकारने ज्या चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यांत जालना आहे. इथल्या सिव्हिल हॉस्पिटलला कीटकनाशक प्यायलेला माणूस येणं नवलाचं नाही. पोट धुणं, अॅट्रोपिन, श्वासाची काळजी, हे सगळं धावपळीने होतं. माणूस वाचतो. शुद्धीवर आल्यावर त्याच्या उशाशी नातेवाईक रडत असतात, कुणी रागावत असतं, आणि ‘पुन्हा तसं करावंसं वाटतंय का?’ हा प्रश्न कुणीच विचारत नाही. विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं येईल, अशी भीती असते. ती खोटी आहे. सरळ, शांतपणे विचारल्याने विचार पेरला जात नाही. बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. सिस्टरने विचारायचं, घरात औषधाचा डबा कुठे असतो तेही विचारायचं, आणि तो हलवायला घरच्यांना सांगायचं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं असतं आणि त्याच्यावर खटला भरायचा नसतो. हे कित्येक घरांना अजून ठाऊक नसतं, आणि पोलिसांच्या धाकाने ‘चुकून प्यायला’ असं केसपेपरवर लिहून घेतलं जातं. मग त्या माणसाचा पुढचा उपचार तिथेच थांबतो.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट, जी फक्त वॉर्डात राहणाऱ्यालाच दिसते. खोल नैराश्यातल्या माणसाला औषध सुरू केलं की आधी अंगात हुशारी येते. मन उजळायला त्यानंतर वेळ लागतो. मधले दिवस धोक्याचे. काल अंथरुणातून उठत नसलेला माणूस आज चालतोय, दाढी करतोय, म्हणून घरचे खूश होतात. सिस्टरने त्याच दिवशी लक्ष वाढवायचं असतं. ते लक्षही ठरावीक मिनिटांनी ठेवायचं नाही, कारण रुग्ण वेळा पाठ करतो. ड्युटी बदलताना, जेव्हा दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर टेबलाभोवती असतात, तेव्हा वॉर्डाकडे पाठ फिरवायची नाही.

औषधांची बाजू तर पूर्ण परिचारिकेच्या हातात असते. गोळी तोंडात गेली की गिळली असं नसतं. ती गालात किंवा जिभेखाली राहते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुष्परिणाम ओळखणं. काही औषधांनी, विशेषतः पहिल्या काही दिवसांत, मान एका बाजूला वळते, डोळे वर चढतात, जबडा आवळतो. रुग्ण घरी असताना हे झालं तर घरचे काय समजतील? बाहेरचं झालं, अंगात आलं. जालना जिल्ह्याच्या उत्तर सीमेला लागून बुलढाण्यात सैलानी बाबांचा दर्गा आहे. मनोरुग्णांना तिथे नेण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. औषधाने वाकडी झालेली मान घेऊन कुटुंब तिकडे निघतं आणि गोळ्या कायमच्या बंद होतात. प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने तीच मान बहुधा अर्ध्या तासात सरळ होते. म्हणून चांगली सिस्टर गोळ्यांची पुडी देतानाच सांगून ठेवते: ‘असं झालं तर घाबरू नका, लगेच दवाखान्यात या.’ लोकांच्या श्रद्धेवर टीका करण्यात ती वेळ घालवत नाही. दर्ग्याला जायचं तर जा, गोळ्या सोबत न्या, एवढंच तिचं म्हणणं. मला हे धोरण शहाणपणाचं वाटतं.

लिथियमचं उदाहरण आमच्या भागाला फारच लागू आहे. उन्माद आणि नैराश्य आळीपाळीने येणाऱ्या आजारावरचं हे जुनं, खात्रीचं औषध. पण उपकारक मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. जुलाब होतात, हात थरथरतात, पाय लटपटतात, जीभ जड होते. आता अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. पहाटेपासून फडात, घामाने निथळलेला, पाणी मिळेल तेव्हा पिणारा. त्याला ‘भरपूर पाणी प्या’ एवढं सांगून भागत नाही. रक्ततपासणी कधी, कुठे, हात कापायला लागला तर गोळी थांबवून कुणाला गाठायचं, हे मुकादमासमोर सांगावं लागतं. दिवाळीच्या सुमारास टोळ्या हलतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. या काळात महिन्याच्या महिन्याला ओपीडीत येणारी नावं रजिस्टरमधून गळतात. त्यांना ‘उपचार सोडले’ असा शेरा मारणं सोपं आहे. जायच्या आधी गाठून दोन महिन्यांची औषधं आणि कारखान्याजवळच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी देणं, किंवा ज्याला जमतं त्याला महिन्यातून एकदाचं लांब टिकणारं इंजेक्शन सुरू करणं, हे सामुदायिक परिचारिकेचं काम आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात, जो देशात १९९६ मध्ये बेळ्ळारीच्या नमुन्यावर सुरू झाला, या पदाची तरतूद आहे. गावागावातल्या आशाताई तिचे डोळे आणि कान.

शॉक आणि साखळी यांबद्दल लोकांच्या मनात सिनेमांनी पक्कं चित्र बसवलं आहे. आजच्या कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय विजेचा उपचार करता येत नाही. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवणं, संमती पाहणं, कवळी काढणं, नंतर भानावर येईपर्यंत शेजारी बसून ‘तुम्ही दवाखान्यात आहात, आज मंगळवार आहे’ असं पुन्हा पुन्हा सांगणं, हे सगळं सिस्टर करते. साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे. तमिळनाडूतल्या एरवाडीत ऑगस्ट २००१ मध्ये झोपड्यांना आग लागली आणि साखळदंडात अडकलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्याने जळून मेले. त्या घटनेने देश हादरला. एकांतात कोंडणंही आता बेकायदा आहे. अगदीच जिवावर बेतलं तर तज्ज्ञाच्या परवानगीने थोडा वेळ आवरून धरता येतं, त्याची नोंद करावी लागते आणि रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीला चोवीस तासांच्या आत कळवावं लागतं. पण खरी कसोटी त्याच्या आधी असते. माणूस अचानक हिंसक होत नाही. तो येरझाऱ्या घालू लागतो, मुठी आवळतो, आवाज चढतो. त्या वेळी दोन हात अंतर ठेवून, दाराची वाट मोकळी ठेवून, हळू आवाजात ‘दादा, काय झालं, सांगा मला’ म्हणणारी सिस्टर वॉर्डात असेल तर बहुतेक वेळा दोराची गरज पडत नाही.

या सगळ्याला सराव लागतो, आणि इथेच माझी तक्रार आहे. नियमित नर्सिंगमध्ये मानसिक आरोग्याच्या वाट्याला काही आठवड्यांचं प्रात्यक्षिक येतं. परिषदेची मनोरुग्ण परिचर्येची एक वर्षाची वेगळी पदविका आहे, ती केलेली माणसं थोडी. आणि सरकारी रुग्णालयात बदल्यांचं चक्र असं की मनोविकार विभागात रुळलेली सिस्टर शल्यकक्षात जाते आणि शल्यकक्षातली इकडे येते. पेप्लाउने सांगितलेलं नातं अशाने जुळायच्या आतच तुटतं. जालन्याच्या ३६५ खाटांसाठी पदं भरताना ही पदविका घेतलेल्यांना प्राधान्य द्यावं, नव्या भरतीतल्या मुलामुलींना येरवड्याला किंवा बंगळूरला वर्षभर पाठवावं, आणि त्यांची बदली पाच वर्षं तरी करू नये.

त्या पहिल्या तुकडीत जुन्या जालन्याच्या गल्ल्यांतली उर्दू आणि मंठा-परतूरच्या तांड्यांवरची गोरमाटी बोलणाऱ्याही मुली असाव्यात. मनाची तपासणी सगळी बोलण्यातून होते: माणूस काय म्हणतो, कुठे अडखळतो, कशावर गप्प बसतो. तांड्यावरची बाई आपलं दुःख दुभाष्याला सांगेल एका सुरात आणि आपल्या बोलीतल्या सिस्टरला सांगेल वेगळ्याच. केसपेपरवर नोंद व्हायला हवी ती दुसऱ्या सांगण्याची.