शस्त्रसंधी म्हणजे नेमकं काय?



९ मे २०२५ चा शुक्रवार आम्हाला चांगला आठवतो. एका गटाची मासिक बैठक होती. एरवी हप्ता, व्याज, कर्जाची मागणी असे विषय चालतात. त्या दिवशी एक ताई आल्या आल्या म्हणाल्या, "एटीएम तीन दिवस बंद होणार आहेत. माझी सगळी बचत आत्ताच द्या." त्यांच्या शेजारच्या काकी मात्र गप्प होत्या. त्यांचा मुलगा फौजेत, जम्मूकडे. सुट्टी अर्धवट टाकून तो परत गेला होता आणि दोन दिवस त्याचा फोन लागत नव्हता.

आपल्या जिल्ह्यात अशी घरं पुष्कळ आहेत. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं नावच सैनिक टाकळी. त्यामुळे सीमेवर काय घडतं, हे आपल्यालाही समजायला हवं.

आधी काय झालं ते पाहू. २२ एप्रिलला काश्मीरमध्ये पहलगामला दहशतवाद्यांनी २६ जणांना मारलं. त्यात महाराष्ट्रातले सहा जण होते. ६ मेच्या मध्यरात्रीनंतर भारताने पाकिस्तान आणि पाकव्याप्त काश्मीरमधल्या दहशतवाद्यांच्या नऊ ठिकाणांवर हल्ले केले. हेच 'ऑपरेशन सिंदूर'. त्याची माहिती देशाला सांगायला कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग या दोन महिला अधिकारी पुढे होत्या. मग पाकिस्तानकडून तोफा आणि ड्रोनचा मारा झाला. पूंछमध्ये घरात बसलेली माणसं, लेकरंसुद्धा मारली गेली. १० मेला लढाई थांबली.

बातम्यांत 'नियंत्रण रेषा' हा शब्द सारखा येतो. ती पक्की ठरलेली सरहद्द नव्हे. १९७१ च्या युद्धानंतर दोन्ही सैन्यं काश्मीरमध्ये जिथे थांबली, तिथली ही रेषा. १९७२ च्या सिमला करारात दोन्ही देशांनी ती मान्य केली. लांबी सुमारे ७४० किलोमीटर. मोजणी अडकलेल्या शेताचा बांध कसा असतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथे ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

आता शस्त्रसंधी. ती म्हणजे तह नव्हे आणि भांडण मिटलं असंही नव्हे. दोन्ही बाजूंनी गोळीबार थांबवायचा, एवढंच ठरतं. दोन्ही सैन्यांत कारवाया पाहणारे मोठे अधिकारी असतात, त्यांना डीजीएमओ म्हणतात. १० मेला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी ते फोनवर बोलले आणि ५ वाजल्यापासून मारा थांबवायचं ठरलं. त्या रात्री पुन्हा ड्रोन दिसले, मग शांत झालं.

एवढ्याने काय होतं, असं कुणी विचारेल. नोव्हेंबर २०२० आठवा. नियंत्रण रेषेवरच्या गोळीबारात आपल्याच जिल्ह्यातले दोन जवान आठ-नऊ दिवसांच्या अंतराने गेले. एक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा, दुसरा करवीरमधल्या निगवे खालसाचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्ही सैन्यांनी शस्त्रसंधी पाळायचं पुन्हा ठरवलं आणि नंतरची काही वर्षं ही रेषा बरीच शांत राहिली. शस्त्रसंधीची किंमत अशी घरात मोजायची असते.

अशा दिवसांत आपण काय करायचं?

पहिलं, फोनवर आलेलं लगेच पुढे पाठवायचं नाही. एटीएमचा तो निरोप खोटा होता. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तसं जाहीर केलं. गाझातल्या जुन्या चित्रफिती आणि मोबाइलच्या खेळातली दृश्यंही त्या दिवसांत 'आत्ताचा हल्ला' म्हणून फिरत होती. आम्ही त्या ताईंना बँकेत फोन लावून दिला, तेव्हा त्या शांत झाल्या.

दुसरं, आपला माणूस कुठे आहे, कोणत्या गाडीने गेला, हे स्टेटसला टाकायचं नाही. सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका, असं सरकारने वृत्तवाहिन्यांनाही बजावलं होतं.

तिसरं, फोन लागत नाही म्हणजे वाईटच झालं, असं धरायचं नाही. तिकडे जवानांना बोलायची मुभा नसते, कधी नेटवर्कच नसतं.

चौथं, कागद शांततेच्या काळातच नीट करा. सेवा क्रमांक, युनिटचा पत्ता, बँक खात्यावर वारसाची नोंद, हे सगळं घरातल्या बाईला माहीत हवं. अडलं तर कोल्हापूरला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे.

आणि शेवटचं. अशा घरी जाऊन बसा. टीव्ही बंद करा, चहा ठेवा, दुसरं काही बोला. त्या दोन रात्री गटातल्या बायका पाळीपाळीने काकींकडे झोपायला होत्या. रविवारी सकाळी मुलाचा फोन आला. "आई, बरा आहे," एवढंच म्हणाला. पुढच्या बैठकीत काकींनी हप्ता भरला आणि वारसाच्या नोंदीचा अर्ज कसा करायचा ते विचारलं.

तुमच्या गटात फौजेतली किती घरं आहेत, ते येत्या बैठकीत जरूर मोजा.