रोहिणीचे पाणी आणि राष्ट्रांचा न्याय

परशुराम घाट उतरताच भेटणारी वाशिष्ठी भर उन्हाळ्यातही वाहते, ती मुख्यतः कोयनेच्या पाण्यावर. हे पाणी मूळचे कृष्णा खोऱ्यातले. वीजनिर्मितीनंतर ते पोफळीच्या बाजूने कोकणात येते. ते किती वळवावे, हे मात्र महाराष्ट्र एकटा ठरवीत नाही. कृष्णेच्या खालच्या अंगाच्या राज्यांचाही त्यावर हक्क आहे. म्हणून बच्छावत लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी ही मर्यादा घातली. अशा तंट्यांसाठी संविधानात अनुच्छेद २६२ आहे. ही तरतूद सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत बाबासाहेबांनीच मांडली होती.

परंतु नदी दोन राष्ट्रांतून वाहत असेल तर? तेथे दोघांवर बंधनकारक असे एक संविधान नसते. १८९५ मध्ये अमेरिकेचे महान्यायवादी जडसन हार्मन यांनी रिओ ग्रान्दे नदीबाबत मत दिले की, आपल्या हद्दीतील पाणी वापरताना मेक्सिकोचा विचार करण्याचे कायदेशीर बंधन अमेरिकेवर नाही. ज्याच्या ताब्यात पाणी, त्याचीच सत्ता, हा तर्क महाडच्या सत्याग्रहींच्या वारसांना अपरिचित नाही. पुढे १९०६ च्या कराराने अमेरिकेने मेक्सिकोला पाणी देण्याचे कबूल केले.

संयुक्त राष्ट्रांच्या १९९७ च्या जलप्रवाह करारात तीन कर्तव्ये प्रमुख आहेत : न्याय्य वापर, शेजाऱ्याची मोठी हानी टाळणे आणि नवे प्रकल्प हाती घेण्यापूर्वी त्याला कळविणे. हा करार २०१४ मध्ये अमलात आला. भारत त्याचा सदस्य नाही. आपले करार शेजाऱ्यांशी स्वतंत्रपणे झालेले आहेत. १९६० च्या सिंधू करारातील लवाद न्यायालयात दोन्ही देशांनी नेमलेले प्रत्येकी दोन आणि तीन त्रयस्थ सदस्य असतात.

ही रचना आपल्या परिचयाची आहे. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणीच्या पाण्यावरून तंटा झाला, तेव्हा युद्धाऐवजी सिद्धार्थाने सुचविले की, दोन्ही पक्षांनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी निवाडा करावा. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हे सविस्तर सांगितले आहे. शाक्य संघाने ती सूचना बहुमताने फेटाळली आणि सिद्धार्थाने गृहत्याग केला.

पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने सिंधू करार स्थगित ठेवला. परस्परविश्वास ढळला की करार किती नाजूक ठरतो, हे यावरून दिसते. नदी मात्र वाहतच राहते आणि दोन्ही काठांवरचा शेतकरी तिच्यावरच जगतो. म्हणून तो पाचवा माणूस शोधण्याची जबाबदारी प्रत्येक पिढीवर येते. आपल्या विद्यार्थ्यांनी चवदार तळ्यापासून पाण्याचा हक्क शिकावा आणि रोहिणीपासून निवाड्याची रीत.