विश्लेषण : कपाळावर तेल, खांद्यावर हात... ‘दृढीकरण’ संस्कारातील खुणांचा अर्थ काय?

कॅथलिक मित्राच्या घरून मुलीच्या ‘कन्फर्मेशन’चे आमंत्रण येते. हा वाढदिवस नाही, बाप्तिस्माही नाही. मग नेमके काय? चर्चमध्ये बिशप मुलांच्या कपाळाला तेल का लावतात? जाणून घेऊ या.

दृढीकरण म्हणजे काय?

कॅथलिक चर्चच्या ७ संस्कारांपैकी हा एक. मराठीत त्याला ‘दृढीकरण’ म्हणतात. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो, तेव्हा श्रद्धेची वचने आईवडील आणि गॉडपॅरेंट देतात. दृढीकरणात तीच वचने मूल स्वतःच्या तोंडाने देते. ‘माझ्या वतीने दिलेला शब्द आता माझा आहे’, असे सर्वांसमोर सांगण्याचा हा दिवस.

तेलच का?

या तेलाला ‘क्रिझम’ म्हणतात. ऑलिव्ह किंवा अन्य वनस्पतीजन्य तेलात बाल्सम हा सुगंधी पदार्थ मिसळतात. पवित्र गुरुवारी किंवा त्याच्या आसपासच्या दिवशी बिशप ते पवित्र करतात. प्राचीन इस्रायलमध्ये राजे आणि याजक यांना तेलाने अभिषेक होत असे. ‘ख्रिस्त’ या शब्दाचा अर्थच ‘अभिषिक्त’. राज्याभिषेक माहीत असलेल्या मराठी वाचकाला हा धागा परका वाटू नये. आणि सुगंध? तो लपत नाही. श्रद्धाही वागण्यातून जाणवावी, हा त्यामागचा अर्थ.

कपाळावर क्रूस कशासाठी?

बिशप आधी सर्व मुलांवर हात पसरून प्रार्थना करतात. मग एकेकाचे नाव घेऊन, अंगठ्याने कपाळावर तेलाचा क्रूस काढतात. ही मोहोर मानली जाते. दस्तऐवजावरील मोहोर जशी मालकी आणि खरेपणा सांगते, तशीच ही. म्हणूनच हा संस्कार आयुष्यात एकदाच होतो.

खांद्यावर हात कोणाचा?

मुलामागे उभी असलेली व्यक्ती उजवा हात त्याच्या खांद्यावर ठेवते. शक्यतो ती बाप्तिस्म्याच्या वेळचीच गॉडपॅरेंट असावी, असे चर्चचा कायदा सुचवतो. निर्णय मुलाचा, पण पाठीशी कोणीतरी आहे, हा त्या हाताचा अर्थ.

लाल रंग आणि कबूतर

पेंटेकॉस्टच्या दिवशी येशूच्या शिष्यांवर अग्नीच्या जिभांच्या रूपात पवित्र आत्मा उतरला, असे बायबल सांगते. लाल रंग त्या अग्नीचा. कबूतर येशूच्या बाप्तिस्म्याच्या प्रसंगातून आले आहे. दोन्ही पवित्र आत्म्याच्या खुणा.

गालावरची चापट कुठे गेली?

जुन्या पिढीतील अनेकांना बिशपनी गालावर मारलेली हलकी चापट आठवते. श्रद्धेसाठी सोसायची तयारी ठेवा, असा तिचा अर्थ सांगत. पोप पॉल सहावे यांच्या काळात १९७१ मध्ये विधी सुधारला गेला आणि चापट वगळली गेली. शांतीचे अभिवादन मात्र राहिले.

सगळीकडे असेच होते का?

नाही. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये, केरळमधील ऑर्थोडॉक्स सिरियन परंपरेतही, बाप्तिस्म्यालगतच बाळाला हा अभिषेक होतो. अँग्लिकन परंपरेत बिशपनी डोक्यावर हात ठेवणे हा मुख्य विधी.

मुद्दा कुठे अडतो?

वयावर. चर्चच्या कायद्यानुसार समज येण्याचे वय, म्हणजे साधारण ७ वर्षे, पुरेसे आहे. मात्र देशोदेशीच्या बिशप परिषदा वेगळे वय ठरवू शकतात. अनेक ठिकाणी तो किशोरवयात होतो. लवकर दिला तर मुलाला कळत नाही. उशिरा दिला तर तो शाळेच्या निरोप समारंभासारखा होतो. दृढीकरणानंतर मुले चर्चमध्ये दिसेनाशी होतात, ही खंत पोप फ्रान्सिस यांनीही बोलून दाखवली होती.

तेल काही वेळात पुसले जाते. पण संस्काराचे नावच ‘दृढीकरण’ आहे. दिलेला शब्द पक्का राहिला का, हे त्या दिवशी नव्हे, पुढच्या वर्षांत कळते.