विश्लेषण : ‘डूडल’ पिल्लू घ्यायचे आहे? किंमत किती आणि खरा ब्रीडर ओळखायचा कसा?

रांजणगाव एमआयडीसीतली शिफ्ट संपवून खोलीवर आल्यावर मोबाइल उघडावा आणि रील समोर यावी. तपकिरी, कुरळ्या केसांचे, टेडी बेअरसारखे पिल्लू. खाली ओळ : ‘प्राइससाठी मेसेज करा’. मेसेज केला की आकडा येतो, 60 हजार, 80 हजार, कधी लाखाच्या पुढे. पाच हजार आगाऊ पाठवले की पिल्लू ‘बुक’. पिल्लू आहे कुठे, तर दिल्ली, पंजाब किंवा नुसतेच ‘पुणे’. त्याची आई दाखवता का, असे विचारले की संभाषण तिथेच थांबते.

त्या एका प्रश्नावर बरेच काही ठरते. पण आधी हे डूडल प्रकरण समजून घेऊ.

डूडल ही जात आहे का?

नाही. डूडल म्हणजे पूडल आणि दुसऱ्या एखाद्या जातीचा संकर. लॅब्रॅडॉरबरोबर झाला तर लॅब्रॅडूडल, गोल्डन रिट्रीव्हरबरोबर झाला तर गोल्डनडूडल. याची सुरुवात 1980 च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात झाली. हवाईमधल्या एका दृष्टिहीन महिलेला वाटाड्या कुत्रा हवा होता, पण तिच्या नवऱ्याला कुत्र्यांची अॅलर्जी होती. तिथल्या गाइड डॉग संस्थेत काम करणारे वॉली कॉनरन यांनी लॅब्रॅडॉर आणि स्टँडर्ड पूडल यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली, त्यातले एक त्या दांपत्याला चालले. उरलेल्या दोघांना ‘संकरित’ म्हणून कोणी घर देईना, तेव्हा कॉनरन यांनी ‘लॅब्रॅडूडल’ हे नाव पुढे केले आणि मागणीची रांग लागली. पिल्ले तीच होती, नाव तेवढे नवे. पुढे 2019 मध्ये याच कॉनरन यांनी आपल्याला या कामाचा पश्चात्ताप होतो, असे जाहीरपणे सांगितले. नावामागे लागून कोणीही कशाचाही संकर करू लागले, हे त्यांचे दुखणे होते.

जाहिरातीत एफ1, एफ1बी असे शब्द दिसतात. एफ1 म्हणजे आईबाप दोन वेगळ्या जातींचे, पिल्लात दोघांचा वाटा निम्मा-निम्मा. एफ1चा संकर पुन्हा पूडलशी केला की एफ1बी, म्हणजे पूडलचा वाटा सरासरी 75 टक्के. हे गणित वंशाचे आहे, केसांचे नाही. एकाच वेतातले एक पिल्लू कुरळे आणि दुसरे झुपकेदार निघू शकते.

अॅलर्जी होत नाही, हे खरे?

किंमत वाढवणारा सर्वांत मोठा दावा हाच, आणि सर्वांत कच्चाही हाच. कुत्र्याची अॅलर्जी केसांमुळे नव्हे, तर लाळ आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे होते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2012 मध्ये ‘अॅलर्जीमुक्त’ म्हणवल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या अंगावरचे ‘कॅन एफ 1’ हे प्रथिन मोजले. त्यात लॅब्रॅडूडलही होते. प्रथिन कमी सापडले नाही, उलट केसांत जास्तच निघाले. घरात कोणाला दमा असेल तर पैसे भरण्याआधी त्या व्यक्तीने अशा कुत्र्याबरोबर दोन-तीन वेळा तासभर घालवून पाहावे.

संकर असल्याने तब्येत दणकट असते, हाही दावा ऐकू येतो. ब्रिटनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या 2024 मधल्या अभ्यासात डूडल आणि त्यांच्या मूळ जाती यांच्या आजारांची तुलना झाली. बहुतेक बाबतीत फरकच आढळला नाही.

एकूण खर्च किती?

पिल्लाची किंमत ही फक्त पहिली पावती. भारतात डूडल पिल्ले साधारण 50 हजारांपासून दीड लाखापर्यंत सांगितली जातात. लॅब्रॅडॉर याच बाजारात 10 ते 30 हजारांना मिळतो.

आता पुढचा हिशेब. पूर्ण वाढलेला 25 किलोचा कुत्रा दिवसाला सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास कोरडे खाद्य खातो, म्हणजे महिन्याला 10 किलो. बरे खाद्य किलोला 300 ते 600 रुपये धरले तर महिन्याला तीन ते सहा हजार, वर्षाला 36 ते 72 हजार. पहिल्या वर्षीच्या लसी आणि जंतांची औषधे मिळून पाच ते सात हजार. नसबंदी सहा ते बारा हजार.

आणि केस. डूडल घेणाऱ्यांचा अंदाज इथेच चुकतो. हे केस गळून खाली पडण्याऐवजी अंगातच गुंततात. रोज विंचरले नाही तर आठवड्याभरात कानामागे, काखेत घट्ट गठ्ठे होतात, खाली त्वचा सडते आणि शेवटी कातडीलगत भादरावे लागते. दर सहा-आठ आठवड्यांनी ग्रूमिंग, दर वेळी दीड ते अडीच हजार. वर्षाला सात वेळा धरा, साडेदहा ते साडेसतरा हजार. रांजणगावातून यासाठी बहुतेकदा वाघोली-खराडीकडे जावे लागणार, आणि पुणे-नगर रस्त्यावरच्या कोंडीत पिल्लू घेऊन बसणे काय असते ते रोज ये-जा करणाऱ्यांना सांगायला नको.

बेरीज केली तर पिल्लाची किंमत सोडून पहिल्या वर्षाचा ढोबळ खर्च साडेसत्तावन्न हजार ते एक लाख साडेआठ हजार. आजारपण यात धरलेले नाही. कुत्रा 12 वर्षे जगला तर स्वस्तातल्या खाद्याचेच आजच्या भावाने चार लाख 32 हजार होतात. महिन्याला 25 हजार पगार असेल तर पिल्लाच्या हप्त्यापेक्षा हा आकडा आधी पाहावा.

कायदा काय सांगतो?

केंद्राने मे 2017 मध्ये श्वान प्रजनन व विक्रीचे नियम अधिसूचित केले. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे. आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. विकण्याआधी मायक्रोचिप आणि वयानुसार लस हवी. मादीचे प्रजनन 18 महिन्यांच्या आधी आणि आठ वर्षांनंतर करता येत नाही, 12 महिन्यांत एकच वेत आणि आयुष्यात जास्तीत जास्त पाच. रस्त्याकडेला किंवा बाजारात पिल्ले मांडून विकणेही चालत नाही.

नियम कडक वाटतात, पण ते ज्या कायद्याखाली आले तो आहे 1960 चा. त्यात प्राण्यांशी क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. लाखाच्या पिल्लावर पन्नास रुपयांचा धाक! त्यामुळे तपासणी सरकार करेल या भरवशावर न राहता ती गिऱ्हाइकानेच करावी लागते.

मग खरा ब्रीडर कोणता?

जो आई दाखवतो. व्हिडिओत नव्हे, समोर. पिल्ले जिथे वाढली ती जागा, आईची तब्येत, ती माणसाजवळ येते की कोपऱ्यात दबते, हे पाहण्यासाठी अर्धा दिवस मोडावा लागला तरी मोडावा. हडकलेली, लोंबलेल्या आचळांची मादी आणि वर्षभर ‘पिल्ले उपलब्ध’ अशी जाहिरात, हे दोन्ही एकत्र दिसले तर तिथे एक वेत संपण्याआधी दुसऱ्याची तयारी सुरू असते.

मोठ्या डूडलमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष आणि डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार दोन्ही बाजूंनी येऊ शकतो. म्हणून आईबापांच्या खुब्याचे एक्स-रे आणि डोळ्यांच्या जनुकीय चाचणीचे अहवाल मागावेत. ‘डॉक्टरने बघितलंय’ हे उत्तर म्हणजे अहवाल नाही.

कागदांचा एक सापळा आहे. चेन्नईची केनेल क्लब ऑफ इंडिया, म्हणजे केसीआय, शुद्ध जातींची वंशावळ नोंदवते. डूडल शुद्ध जात नाही. त्यामुळे ‘डूडल विथ केसीआय पेपर’ असे कोणी म्हणाले तर तो कागद दुसऱ्या कुत्र्याचा आहे किंवा खोटा आहे. आईबापांचे स्वतंत्र कागद मात्र असू शकतात, ते जरूर पाहावेत. मायक्रोचिपचा क्रमांक 15 अंकी असतो. स्कॅनर फिरवून तोच क्रमांक लसीच्या पुस्तिकेवर आहे का, ते जुळवावे.

चांगला ब्रीडर तुम्हालाही प्रश्न विचारतो. घरात दिवसभर कोण असते, घरमालकाची परवानगी आहे का, जमले नाही तर कुत्रा परत आणाल का. राग मानू नका. जो फक्त यूपीआय आयडी विचारतो त्याच्यापेक्षा हा बरा.

बसने किंवा रेल्वेने पिल्लू मागवणे टाळाच. पार्व्हो या विषाणूची लक्षणे संसर्गानंतर साधारण तीन ते सात दिवसांनी दिसतात. पिल्लू हातात येते तेव्हा खेळत असते, चौथ्या दिवशी रक्ताची हगवण सुरू होते आणि विक्रेत्याचा फोन बंद. तालुक्यातले सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने प्रामुख्याने गाई-म्हशींसाठी चालतात. सलाइनवर ठेवायची वेळ आली तर पुणे गाठावे लागते, म्हणून कुत्र्यांवर उपचार करणारा डॉक्टर पिल्लू आणण्याआधीच शोधून ठेवा. घरी आणल्यावर 48 तासांत तपासणी करा आणि तशी अट बिलावर लिहून घ्या. बिल असेल तर पुढे ग्राहक आयोगात दाद मागता येते. आगाऊ रक्कम घेऊन कोणी गायब झालेच, तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितकी खात्यातली रक्कम गोठवण्याची शक्यता कमी.

दुसरा पर्याय आहे का?

रांजणगावच्या एप्रिल-मेच्या उन्हात दाट लोकरीचा कुत्रा पत्र्याच्या खोलीत ठेवणे हा त्याच्यावर अन्यायच. आपल्या दख्खनच्या पठाराचा कारवानी कुत्रा आखूड केसांचा, ऊन सोसणारा. कर्नाल इथल्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने 2020 मध्ये नोंदवलेला मुधोळ हाउंड त्याच कुळातला. पण तो धावणारा कुत्रा आहे. रोज मोकळे रान मिळणार नसेल तर वन बीएचकेत तोही घेऊ नये. दारात फिरणारे गावठी पिल्लू लस देऊन, नसबंदी करून पाळले तर खरेदीची पावतीच फाटत नाही.

कुत्रा कोणताही आणा, रात्री तो घरातच हवा. शिरूर तालुक्याच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या शेतीपट्ट्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने 39 टक्के वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला होता. ओट्यावर साखळीने बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही.