भर समुद्रातली हर्राशी

मायामीच्या बंदरातून कॅरिबियन बेटांच्या फेरीवर निघणाऱ्या प्रवासी जहाजावर, ज्या दिवशी वाटेत एकही बंदर लागावयाचे नसते आणि हजारो माणसे पाण्याच्या मध्यभागी एकाच छपराखाली अडकून पडलेली असतात, त्या दिवशी दुपारच्या भोजनानंतर चित्रांचा लिलाव ठेवण्याचा प्रघात आहे. ही वेळ कोणी सहज निवडलेली नाही. जहाज बंदरात उभे असले म्हणजे तेथील कायद्यापायी त्यावरील जुगारघर आणि दुकाने बहुधा बंद ठेवावी लागतात, आणि प्रवासीही किनाऱ्यावर उतरून आपला पैसा तिकडच्या दुकानदारांच्या हवाली करून येतात. भर समुद्रात मात्र त्यांना जाण्यासारखे दुसरे ठिकाण नसते, उदर तृप्त असते, आणि खर्च होणारा प्रत्येक डॉलर खोलीच्या खात्यावर नुसता मांडला जात असल्यामुळे, तो खर्च झाल्याची जाणीव हिशेबाचा कागद हाती पडेपर्यंत होत नाही.

माझी उमेदीची वर्षे गिरगावातल्या एका छापखान्यात, ठसे, शाई आणि कागद यांच्या सहवासात गेली, आणि छापलेली कोणतीही वस्तू समोर आली की ती वाचण्यापूर्वी भिंगाखाली धरण्याची जी खोड तेथे जडली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाने आणि सुनेने आग्रहाने या सफरीला नेले, तेव्हा ते दहापट मोठे दाखविणारे भिंग माझ्या कोटाच्या खिशात होतेच.

लिलावापूर्वी दोन तास चित्रे पाहावयास खुली ठेवतात. दिवाणखान्यात आणि बाहेरच्या अरुंद मार्गिकेत घोड्यांवर मांडलेली ती शे-दीडशे चित्रे पाहताना प्रथम मनात भरते ती त्यांची चकाकी: सोनेरी चौकटी, वरून सोडलेले दिवे, गडद निळे समुद्र, लाल छपरांची गावे, मद्याचे पेले आणि त्यांत बुडालेली द्राक्षे. दारात शिरतानाच प्रत्येकाच्या हाती फेसाळ मद्याचा एक पेला फुकट दिला जातो. प्रत्येक चित्राखाली एक चिठ्ठी असते. तीवर चित्रकाराचे नाव, तंत्राचे नाव आणि ‘मूल्यांकन’ या शीर्षकाखाली एक भारदस्त आकडा. तंत्राचे नाव लहान अक्षरांत असते, आणि खरे पाहता विकत घेणाऱ्याने वाचावयाचे ते तेवढेच.

शिळाछापाच्या खऱ्या प्रतीत रंग दगडाच्या रवाळ पृष्ठावरून कागदावर उतरलेला असतो, म्हणून भिंगाखाली तो अनियमित कणांचा दिसतो. तांब्याच्या पत्र्यावर अम्लाने रेषा कोरून काढलेल्या एचिंगमध्ये पत्र्याच्या कडांचा दाब कागदावर चौकटीसारखा उमटतो आणि शाईची रेषा किंचित उंचावलेली असल्याचे बोटालाही कळते. जाळीछपाईत रंगाचे सपाट, जाड थर एकावर एक बसलेले असतात. ऑफसेट यंत्रावर छापलेल्या चित्रात चार रंगांचे ठिपके ठरावीक वलयांत मांडलेले सापडतात. आणि ज्याला आता ‘जिक्ले’ म्हणतात त्यात, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने शाई फवारून छापलेल्या प्रतीत, ठिपके अतिसूक्ष्म, विस्कळीत आणि कडांना पुसट झालेले असतात. त्या दालनात मी जेवढ्या कॅनव्हासांवर भिंग धरले त्यांतील बहुतेक या शेवटच्या जातीचे होते. कित्येकांवर पारदर्शक लेपाचे, क्वचित खऱ्या रंगाचे, चार-दोन फटकारे मागाहून ओढलेले होते, आणि चिठ्ठीवर ‘हाताने अलंकृत’ असा शेरा होता. तो हात कोणाचा, हे चिठ्ठी सांगत नव्हती. दुरून पाहिले तर हे फटकारे कुंचल्याचा भास उत्पन्न करतात. भिंगाखाली ते छापील चित्रातल्या कुंचल्याच्या खुणांना आडवे छेदून जातात, कारण मूळ चित्रकाराचा हात एका दिशेने गेलेला असतो आणि अलंकार करणाऱ्याचा दुसऱ्या.

प्रतीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला ‘१२५/३००’ असा अपूर्णांक पाहून भाबड्या ग्राहकाला वाटते की जगात या चित्राच्या तीनशेच प्रती असाव्यात. परंतु त्या तीनशेंच्या पलीकडे चित्रकाराच्या प्रती म्हणून ‘ए. पी.’, विक्रीबाहेरच्या म्हणून ‘एच. सी.’, रोमन आकड्यांची आणखी एक मालिका, कागदावरची वेगळी आणि कॅनव्हासवरची वेगळी, अशा शाखा असू शकतात. त्या सर्वांची बेरीज एका ठिकाणी लिहून देण्याची तसदी विक्रेता सहसा घेत नाही, आणि विचारल्यावाचून ती मिळत नाही.

नेमलेल्या वेळी लिलावकर्ता मंचावर आला. दक्षिण आफ्रिकेतून आलेला, तिशीच्या आतबाहेरचा, मोठा हसतमुख तरुण होता, आणि त्याचे काम मी जसजसे पाहत गेलो तसतसा त्याच्याविषयी मनात आदरच उत्पन्न झाला, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. तो जहाजकंपनीचा नोकर नव्हता; जहाजावर चित्रे विकण्याचा मक्ता घेतलेल्या पेढीचा तो माणूस, आणि त्याची कमाई मुख्यत्वे दलालीवर. विक्रीतला वाटा जहाजकंपनीलाही पोचतो. त्यामुळे एक तासभर तीनशे माणसांना हसवीत ठेवणे, त्यांतील कोणती जोडपी लग्नाचा वाढदिवस साजरा करीत आहेत हे ध्यानात ठेवणे, कोणाचा पेला रिकामा झाला आहे हे सहाय्यकाला डोळ्यांनी सुचविणे, आणि या सर्वांच्या मध्ये आकड्यांची लय एकदाही मोडू न देणे, हे त्याच्या उपजीविकेचे कसब होते.

त्याने एक कॅनव्हास पुढे आणविला: निळ्या दारांचे घर, मागे समुद्र. मूल्यांकन १,८५० डॉलर. त्याने नऊशेपासून आरंभ केला. कोणी हात वर करीना. मग त्याने स्वतःच आकडा आठशेवर, सातशेवर आणि शेवटी साडेसहाशेवर आणला, तेव्हा पुढच्या ओळीतल्या एका गृहस्थाने आपली क्रमांकाची पाटी उचलली. एक वार, दोन वार, आणि हातोडा पडला. येथवर सारे आपल्या ओळखीचे. परंतु हातोडा पडल्यावर त्याने सभेकडे वळून विचारले, की याच किमतीला हेच चित्र आणखी कोणाला हवे आहे काय? चार पाट्या वर झाल्या. चौघांनाही चित्र मिळाले.

माझ्या मते त्या सबंध तासाचा निकाल या एका प्रश्नाने लागतो. आपल्या बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या ढिगाभोवती व्यापारी सवाल करीत उभे राहतात तेव्हा तो ढीग एकाच्या पदरात पडतो आणि बाकीच्यांच्या पडत नाही. दुसऱ्याच्या हाती जाईल या भीतीनेच भाव आपली खरी पातळी गाठतो. जेथे हरणाऱ्यालाही तीच वस्तू त्याच किमतीला मिळते तेथे स्पर्धा कशाची? आणि स्पर्धाच नसेल तर तो साडेसहाशेचा आकडा कोणी ठरविला? तो विक्रेत्याने आधीच ठरविलेला असणार. हातोडा, पाट्या, उंचावत जाणारा आवाज हा सर्व लिलावाचा साज होता. आतला व्यवहार दुकानदारीचा होता, आणि भाव पाडून दाखविण्याची हिकमत तर दुकानदाराची फार जुनी.

खऱ्या लिलावात काय घडते याचा दाखला दूर शोधावयास नको. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ हे १९५४ सालचे, सुमारे चौदा फूट लांबीचे चित्र २०२५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात आले. अंदाज पंचवीस ते पस्तीस लाख डॉलरांचा होता. ते गेले सुमारे एक कोटी साडेसदतीस लाखांना. चित्र एकच होते, १९५४ साली दिल्लीत ते कोणी घेतले आणि पुढे ऑस्लोच्या रुग्णालयात ते किती काळ टांगलेले होते याची साखळी अखंड होती, आणि ते हवे असणारी माणसे त्यासाठी एकमेकांशी चढाओढ करीत होती. या तीन गोष्टींपैकी एकही त्या निळ्या दारांच्या घराला लागू पडत नव्हती.

मूल्यांकनाच्या दाखल्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. कोणत्याही मिळकतीचे मूल्य विकणाऱ्यानेच ठरवून त्याचा दाखला घेणाऱ्याला द्यावा, हे आपल्या मामलेदार कचेरीत खपून गेले नसते. जहाजावर मात्र तो दाखला सुबक कागदावर, उठावाची मोहर मारून मिळतो. विमा उतरविण्यापुरता त्याचा उपयोग असेल. विकावयास गेल्यावर त्याला कोणी विचारीत नाही. जमिनीवरच्या लिलावगृहांत झालेल्या विक्रीच्या जुन्या नोंदी आता कोणालाही पाहता येतात, आणि पूर्वी जहाजावर त्या पाहण्याची जी सोय नव्हती तीही, २०२२ पासून मोठ्या जहाजांवर स्टारलिंकचे उपग्रह-जाळे येऊ लागल्यामुळे, झाली आहे. त्या नोंदींत याच जातीच्या प्रती बहुधा शे-दोनशे डॉलरांत गेलेल्या आढळतात, आणि कित्येक न विकल्या जाता परत गेलेल्या.

पाटी घेताना जो छापील करारनामा सहीसाठी पुढे करतात तो मी बसून वाचला, याचे सहाय्यक मुलीला मोठे नवल वाटले. हातोड्याच्या किमतीवर शेकडा पंधरा अधिभार, जो लंडनच्या मोठ्या लिलावगृहांनी १९७५ साली ग्राहकावर बसविला आणि मग जगभर रूढ झाला. चौकट, विमा आणि पाठवणी वेगळी. मंचावर तोंडी बोललेले बंधनकारक नाही. दाखविलेली प्रत नमुन्याची असून प्रत्यक्ष प्रत वखारीतून घरी येईल. तक्रार असल्यास लवादापुढे. जहाजावर निशाण बहामाचे, पेढी अमेरिकेची, विक्री खुल्या समुद्रात. कज्जा उत्पन्न झाल्यास कोणत्या न्यायासनापुढे उभे राहावयाचे हा प्रश्न वकिलाच्याही सहज हाती लागणारा नाही. २००८ च्या जुलैत न्यूयॉर्क टाइम्सने अशा खरेदीदारांच्या तक्रारी आणि फिर्यादी यांचा सविस्तर वृत्तांत छापला होता, आणि त्यांत साल्वादोर दालीच्या प्रतींचा विषय प्रामुख्याने होता.

दालीचे प्रकरण तर या सबंध व्यापाराचे दुखणे उघडे करणारे आहे. दान्तेच्या महाकाव्यावर त्याने शंभर जलरंग चित्रे काढली, आणि १९६० नंतरच्या काही वर्षांत पॅरिसच्या प्रकाशकांनी ती लाकडी ठशांवरून छापली. ठसे कोरले ते कसबी कारागिरांनी. त्या ग्रंथांची सुटी केलेली पाने आजही फिरतात, आणि माझ्या डोळ्यांना ती छपाईचा सुंदर नमुना वाटतात. परंतु त्यांवर पुढे पेन्सिलीची सही आढळली की शंका घ्यावी, कारण दालीने कोऱ्या कागदांवर सह्या करून ते विकण्याचा परिपाठ ठेवला होता. १९७४ साली अँडोराच्या सीमेवर फ्रान्सच्या जकात अधिकाऱ्यांनी एक गाडी अडविली तेव्हा तीत त्याच्या सहीचे सुमारे चाळीस हजार कोरे कागद निघाले. रेम्ब्रांटच्या नावाची एचिंगेही विकावयास असतात. तो १६६९ साली वारला. त्याचे काही ताम्रपट मात्र मागे राहिले, अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या बासाँ या मुद्राचित्र-व्यापाऱ्याने त्यांवरून प्रती काढल्या, आणि झिजलेले, दुसऱ्यांनी पुन्हा कोरलेले तेच पट आमच्या काळातही छापले गेले. पत्रा रेम्ब्रांटचा खरा. छाया करड्या पडलेल्या, आणि ज्या मऊ काळ्या रेषांसाठी त्याची कीर्ती आहे त्या पहिल्या काही डझन प्रतींतच संपून गेलेल्या.

छापील चित्राला मी हीन लेखीत नाही. तसे करणे माझ्या पोटाशी बेइमानी होईल. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रित्स श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या ताब्यात आला; त्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती आमच्या दोन पिढ्यांच्या देवघरांत विराजमान झाल्या. त्यांवर प्रतींचा अपूर्णांक नव्हता, मूल्यांकनाचा दाखला नव्हता, आणि घेणाऱ्याला आपण काय घेत आहोत याचा पुरता उमज होता. आमच्याच जकातखात्याने, दरपत्रकाच्या ९७ व्या प्रकरणात, मूळ मुद्राचित्र कशाला म्हणावे हे नमूद केले आहे: पट संपूर्णतया चित्रकाराच्या हातचा असावा, आणि यांत्रिक वा छायायांत्रिक प्रक्रिया त्यात नसावी. ही कसोटी लावली तर त्या दिवाणखान्यातला बहुतेक माल ९७०२ या सदरात शिरणारच नाही.

आमच्या भोजनाच्या मेजावर पुण्याचे एक निवृत्त अभियंते आणि त्यांच्या पत्नी बसत. त्यांनीच मला गाठले.

“तुम्ही छपाईतले,” ते म्हणाले, “सांगा, घेण्यासारखे आहे का? तो म्हणतो, दहा वर्षांत दुप्पट होईल.”

“तसे कागदावर लिहून देतो का, ते विचारा,” मी म्हणालो. “आणि एकूण प्रती किती, रंग कोणी लावले, मागल्या विक्रीत काय आले, तेही.”

त्यांनी खरोखर विचारले. तरुणाने न चिडता उत्तरे दिली. प्रती निरनिराळ्या मालिका धरून साडेसातशेच्या घरात, अलंकार चित्रकाराच्या कार्यशाळेत झालेले, आणि भविष्यातल्या किमतीविषयी पेढी काही लिहून देत नाही. पुढच्या समुद्रदिवशी सकाळी त्याने त्यांच्या खोलीत दूरध्वनी केला: मंचावर साडेसहाशेला गेलेले ते चित्र आता तीनशे नव्वदला, शिवाय एक लहान छापील चित्र फुकट. एकही बोली न लागता भाव दोनशे साठ डॉलरांनी उतरला होता.

“अहो, ते दार मला आवडलंय,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या. “विकायचं कोणाला आहे?”

त्यांनी ते घेतले. रोजनिशीत तो खर्च त्यांनी गुंतवणुकीत न धरता सहलीच्या सदरात मांडला, अधिभार आणि पाठवणीसह. आणि फुकटचे चित्र मात्र नाकारले, कारण त्याच्या पाठवणीचे पस्तीस डॉलर वेगळे पडत होते.