वाऱ्याच्या वाटेवरचे बंदर : लामू

मुलांनो, नकाशांचे पुस्तक उघडा आणि आफ्रिका खंडाचे पान काढा. पूर्व किनाऱ्यावर केनिया हा देश दिसेल. त्याच्या किनाऱ्याजवळ, विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेला, हिंदी महासागरात काही बारीक ठिपके आहेत. ही लहान लहान बेटे आहेत. त्यांपैकी एका बेटाचे नाव लामू. त्या बेटावर लामू याच नावाचे एक जुने बंदर आहे. या गावात सातशे वर्षांहून अधिक काळ माणसे अखंड राहत आली आहेत. म्हणून युनेस्कोने २००१ मध्ये या गावाचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला.

चला, आज आपण लामूला जाऊ. तेथे काय काय दिसते ते तर पाहूच. पण ते तसे का आहे, हेही समजून घेऊ.

लामूला थेट मोटारीने जाता येत नाही. बसने आलात तर मोकोवे नावाच्या धक्क्याशी रस्ता संपतो. विमानाने आलात तर विमान शेजारच्या मांडा बेटावर उतरते. दोन्ही ठिकाणांहून पुढे होडीनेच जावे लागते. होडी गावाजवळ येऊ लागली, की पाण्याच्या काठाने पांढऱ्या घरांची लांब रांग दिसते. काही घरांना कमानी आहेत, काहींना ओसऱ्या आहेत. धक्क्याला शिडाची लाकडी गलबते लागलेली असतात. त्यांची शिडे तिकोनी असतात. मोठ्या गलबताला तेथे ‘जहाझी’ म्हणतात. हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटला ना? आणि बंदराला ते काय म्हणतात, ठाऊक आहे? ‘बंदारी’!

हजारो किलोमीटर दूरच्या या गावात आपले शब्द कसे पोहोचले? या प्रश्नाचे उत्तर वाऱ्यात आहे.

जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि लवकर थंड होते, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. उन्हाळ्यात आशिया खंडाची जमीन खूप तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरची हवा जमिनीकडे वाहू लागते. हिवाळ्यात याच्या उलट घडते. त्यामुळे हिंदी महासागरावरचे वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात. साधारणपणे डिसेंबर ते मार्च या काळात ते ईशान्येकडून आफ्रिकेकडे वाहतात. या वाऱ्याला लामूचे लोक ‘कासकाझी’ म्हणतात. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत वारा दक्षिणेकडून वाहतो. त्याचे नाव ‘कुसी’. हा दक्षिणेकडचा वारा आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळून विषुववृत्त ओलांडतो, वळण घेऊन अरबी समुद्रावर येतो आणि जून महिन्यात कोकणात पाऊस पाडतो. आपण ज्यांना नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणतो, त्यांची वाट लामूच्या समुद्रावरून जाते.

आगबोटी येण्यापूर्वी सगळा व्यापार या दोन वाऱ्यांच्या भरवशावर चाले. अरबस्तान, इराणचे आखात आणि हिंदुस्थान येथील गलबते कासकाझी वाऱ्याबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्याला येत. ती खजूर, कापड, भांडी असा माल आणत. परत जाताना हस्तिदंत, धान्य आणि खारफुटीचे वासे घेऊन जात. पण आलेले गलबत लगेच परतू शकत नसे. वारा फिरेपर्यंत त्याला थांबावे लागे. कधी कधी ही वाट महिनोन्‌महिने पाहावी लागे. तोपर्यंत खलाशी आणि व्यापारी या किनाऱ्यावरच्या बंदरांत मुक्काम करत. ते स्थानिक लोकांची भाषा शिकत आणि त्यांना आपले शब्द देत. काहींनी तेथेच लग्ने केली आणि ते कायमचे राहिले. किनाऱ्यावरच्या आफ्रिकी लोकांच्या जीवनात अशा रीतीने दूरदूरच्या गोष्टी मिसळत गेल्या.

या लोकांना स्वाहिली म्हणतात. अरबी भाषेत ‘साहिल’ म्हणजे किनारा. तुमच्या उर्दूतही हा शब्द आहे. त्याचे अनेकवचन ‘सवाहिल’. त्यावरून ‘स्वाहिली’, म्हणजे किनाऱ्यावरचे, हे नाव पडले. स्वाहिली भाषेचा मूळ सांगाडा आफ्रिकी आहे. तिचे व्याकरण आफ्रिकेतील बांटू भाषांचे आहे. पण तिच्यात अरबी आणि फारसी शब्द पुष्कळ आहेत. लामूच्या शाळेत गेलात तर पुस्तकाला ‘किताबू’, लेखणीला ‘कलामू’ आणि शिक्षकाला ‘म्वालिमू’ म्हणतात, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. बाजारात दुकानाला ‘दुका’ आणि साबणाला ‘सबुनी’ म्हणतात. मित्र म्हणजे ‘रफिकी’, जग म्हणजे ‘दुनिया’ आणि हंगाम म्हणजे ‘मसिमू’. मराठीतील ‘मोसम’ आणि उर्दूतील ‘मौसम’ हे याच शब्दाचे भाऊ आहेत.

पूर्वी स्वाहिली भाषा अरबी लिपीत लिहीत असत. लामू आणि शेजारचे पाटे बेट तिच्या कवितेसाठी प्रसिद्ध होते. पाटे बेटावर म्वाना कुपोना नावाची एक कवयित्री होऊन गेली. तिने १८५८ च्या सुमारास आपल्या मुलीला उपदेश करणारी एक दीर्घ कविता लिहिली. ती आजही स्वाहिली साहित्यात मानाने वाचली जाते.

आता आपण गावात शिरू. धक्क्यापासून थोडे आत गेले, की समुद्राला समांतर असा मुख्य रस्ता लागतो. रस्ता म्हटला तरी तो अरुंदच आहे. त्यातून बोळ फुटतात. काही बोळ इतके चिंचोळे आहेत, की समोरून ओझे लादलेले गाढव आले तर तुम्हांला भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. मोटारीला येथे वाटच नाही. दगड, चुना, वाळू, धान्याची पोती हे सगळे गाढवांच्या पाठीवरून जाते. या गाढवांसाठी गावात १९८७ पासून एक दवाखानाही चालतो.

बोळ इतके अरुंद का ठेवले असतील? विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ डोक्यावरून जातो. उंच भिंतींमधल्या अरुंद बोळात बहुतेक वेळ सावली राहते. भर दुपारीही तेथून चालणे सुसह्य होते.

घरांची बांधणीही अशीच विचारपूर्वक केलेली आहे. बेटावर चांगला काळा पाषाण नाही. म्हणून भिंती पोवळ्याच्या दगडाच्या केल्या. पोवळे हा समुद्रातील सूक्ष्म जिवांच्या सांगाड्यांपासून बनलेला दगड होय. तोच दगड भाजून चुना तयार केला. छतासाठी खारफुटीचे वासे घातले. खारफुटी म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणारी झाडे. त्यांचे लाकूड टिकाऊ असते. पण सरळ वासा फार लांब मिळत नाही. त्यामुळे घरातील खोल्या लांबीला मोठ्या, पण रुंदीला अडीच-तीन मीटरच असतात. घर बांधणाऱ्याने वाशाची लांबी पाहून खोलीची रुंदी ठरवली! भिंती मात्र चांगल्या जाड असतात. त्यामुळे बाहेरची उष्णता आत लवकर येत नाही.

घराच्या दारावर सुंदर नक्षीकाम असते. दाराबाहेर दोन्ही बाजूंना दगडी बैठका बांधलेल्या असतात. त्यांना ‘बराझा’ म्हणतात. कोकणातील घरांच्या ओट्याची आठवण व्हावी, अशीच ही जागा आहे. कामानिमित्त आलेल्या माणसाला येथे बसवतात. संध्याकाळी शेजारी जमतात, गप्पा मारतात, गावच्या प्रश्नांची चर्चाही करतात. घराच्या आत चौक असतो. त्यातून उजेड आणि हवा येते. आतल्या खोलीच्या भिंतीत ओळीने कोनाडे असतात. जुन्या काळी श्रीमंत घरांत या कोनाड्यांत चिनी मातीची भांडी मांडून ठेवत. ती भांडीसुद्धा वाऱ्यानेच आणलेली!

पाहुणा म्हणून जाल तेव्हा काही रीती लक्षात ठेवा. कोणाच्या दाराशी गेलात तर बाहेरूनच ‘होदी’ अशी हाक द्या. आतून ‘कारिबू’ असे उत्तर आले, तरच आत जा. कारिबू म्हणजे या, जवळ या. उर्दूतील ‘करीब’ शब्द आठवा. वडीलधाऱ्यांना भेटल्यावर लहानांनी ‘शिकामू’ म्हणायचे असते. वडील ‘मराहबा’ म्हणून त्याचा स्वीकार करतात. गावात वीसहून अधिक मशिदी आहेत. त्यांपैकी प्वानी मशीद १३७० सालची मानली जाते. दरवर्षी रबिउल अव्वल महिन्यात येथे मौलीद साजरा होतो. त्या वेळी पूर्व आफ्रिकेतून लोक येतात. शिडाच्या होड्यांच्या आणि गाढवांच्या शर्यतीही होतात. म्हणून पाहुण्याने अंगभर कपडे घालावे आणि कोणाचेही छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये.

वेळ विचारताना मात्र सावध राहा. स्वाहिली लोक तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजतो. एखाद्या नावाड्याने ‘दोन वाजता निघू’ असे स्वाहिलीत सांगितले, तर सकाळी आठला धक्क्यावर हजर राहा. दुपारी दोनला गेलात तर होडी केव्हाच गेलेली असेल!

लामूचा इतिहास मात्र केवळ सुखाचा नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी या किनाऱ्यावर आपला दरारा बसवला आणि लामूकडून खंडणी घेतली. पुढे ओमानच्या सुलतानांची सत्ता आली. त्यांच्या मदतीने १८१३ ते १८२१ या काळात गावाच्या मध्यभागी किल्ला बांधला गेला. हाच किल्ला १९१० पासून १९८४ पर्यंत तुरुंग म्हणून वापरात होता. एकोणिसाव्या शतकात लामूत पैसा खेळत होता. पण तो सर्वांच्या वाट्याला आला नव्हता. समोरच्या मुख्य भूमीवरची शेते गुलाम कसत. १८७३ मध्ये समुद्रमार्गे होणाऱ्या गुलामांच्या व्यापारावर बंदी आली. १९०७ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावरील गुलामगिरी कायद्याने संपली. त्या सुमारास इंग्रजांनी मोंबासा बंदरातून आतल्या प्रदेशात रेल्वे नेली. आगबोटी आणि माल मोंबासाकडे वळले. लामू मागे पडले. मागे पडले, म्हणूनच जुनी घरे पाडून नवी बांधण्याची वेळ तेथे फारशी आली नाही.

आज मात्र लामूपुढे मोठा प्रश्न उभा आहे. गावापासून जवळच, मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर, केनिया सरकारने एक प्रचंड नवे बंदर उभारायला घेतले. २०१२ मध्ये या योजनेचा आरंभ झाला आणि मे २०२१ मध्ये पहिला धक्का सुरू झाला. मोठी जहाजे यावीत म्हणून समुद्राचा तळ उपसावा लागला, खारफुटी तोडावी लागली. आता खारफुटीचे महत्त्व पाहा. तिच्या मुळांमध्ये मासे अंडी घालतात आणि त्यांची पिल्ले वाढतात. केनियातील निम्म्याहून अधिक खारफुटी लामूच्या परिसरात आहे. ती गेली तर मासळी कमी होते. लामूच्या कोळ्याची होडी लहान असते. किनाऱ्याजवळ मासळी मिळाली नाही, तर त्याला खोल समुद्रात जाता येत नाही.

गावकरी न्यायालयात गेले. २०१८ मध्ये न्यायालयाने सुमारे ४,६०० मच्छीमारांना भरपाई देण्याचा निकाल दिला. त्याच भागात कोळशावर चालणारे वीजकेंद्रही होणार होते. लोकांना पुरेशी माहिती न देता त्याला परवानगी दिली गेली, असे ठरवून २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने ती परवानगी रद्द केली.

पण प्रश्नाची दुसरी बाजूही समजून घ्यायला हवी. लामूच्या तरुणांना नोकऱ्या हव्या आहेत, चांगले रस्ते आणि दवाखाने हवे आहेत. केवळ पाहुण्यांनी येऊन नक्षीची दारे पाहावी, म्हणून कोणी गरीब राहायला तयार होणार नाही. नवे काही येऊच नये, असे लामूचे लोक म्हणत नाहीत. त्यांचे गाव तर परक्या गोष्टी घेऊनच वाढले. आम्हांला विचारा, आमचे नुकसान भरून द्या आणि कामात आमच्या मुलांना घ्या, एवढे त्यांचे मागणे आहे.

पाहुण्यांमुळेही गावावर ताण पडतो. लामूत मोठी नदी नाही. जवळच्या शेला गावामागे वाळूच्या टेकड्या आहेत. पावसाचे पाणी या वाळूत मुरते, गाळले जाते आणि गोड पाण्याचा साठा तयार होतो. त्या साठ्यावर गावाची तहान भागते. या टेकड्यांवर बंगले आणि हॉटेले उभी राहिली, तर पाणी मुरणार कसे? म्हणून लामूला जाणाऱ्याने तेथे पाणी जपून वापरले पाहिजे.

मुलांनो, लामूचा बोळ अरुंद का, खोली अरुंद का, भिंत जाड का, हे तुम्हांला आता सांगता येईल. आता तुमच्या गावातील किंवा मोहल्ल्यातील एखादे सर्वांत जुने घर शोधा. भिंती कशाच्या आहेत, छताला कोणते लाकूड आहे, ते कोठून आणले, दार कोणत्या दिशेला आहे, हे पाहा. घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा आणि त्यांनी सांगितलेले वहीत लिहून ठेवा. अशी माहिती बहुधा कोणत्याही पुस्तकात छापलेली नसते. ती त्या माणसांपाशीच असते.