जुनी गाडी उभ्याउभ्या थरथरते तेव्हा
कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या जुन्या मारुती ८०० चे इंजिन तीन सिलिंडरांचे असते. त्यातला एक जरी नीट पेटला नाही, तरी गाडी उभ्याउभ्या थरथरते आणि चढावर दम सोडते. दोषी सिलिंडर शोधण्यासाठी इंजिन चालू ठेवून, इन्सुलेशन असलेल्या पकडीने एकेका प्लगची कॅप क्षणभर काढतात. जी कॅप काढूनही इंजिनाची गती उतरत नाही, तिचाच सिलिंडर कमजोर. त्याचा प्लग कोरड्या काजळीने काळा असेल, तर ठिणगी कमजोर असते किंवा पेट्रोल जास्त जाते. तेलकट असेल, तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजलेले असू शकतात. प्लग ठीक असल्यास केबल बदलून पाहावी, मग कॉम्प्रेशन तपासावे. तिन्ही सिलिंडर सारखेच अडखळत असतील, तर व्हॅक्यूमच्या चिरलेल्या नळ्या आणि कार्ब्युरेटरचा चोंदलेला जेट पाहावा.